सेगुलाआंटींचा शुक्रवार

"ठाण्याला जाऊन काय करू गं मी?" पदराच्या गोंड्याची गाठ ओढत सेगुलाआंटींनी विचारलं. त्यांच्या मांडीवर शेजारच्या मागावर विणलेली जांभळी साडी पसरली होती.

"काय करायचं म्हणजे? तिथे आपली माणसं आहेत, आंटी. सिनेगॉग जवळ आहे. वृद्धाश्रमात तुमच्यासाठी जागा राखून ठेवलीय, रविवारपर्यंत कळवायचंय." बोलता बोलता याएलनं आपल्या चिमुकल्या लेकीच्या, लिओराच्या, हाताजवळची कात्री उचलून कपाटावर ठेवली.

मधल्या भिंतीपलीकडं पॉवरलूम खडखडत होता. बेळगावच्या शहापुरातल्या या गल्लीत आवाज चढवल्याशिवाय बोलताच येत नसे.

लग्न होऊन याएल ठाण्याहून बेळगावात आली, तेव्हा इथं बेने इस्राएल ज्यूंची दोनच घरं उरली होती. एक टिळकवाडीतलं तिचं, दुसरं हे. मुंबईच्या एका संस्थेनं ज्यू तरुणींसाठी नेतृत्वाचा वर्ग काढला, तशी ती हौसेनं त्यात शिरली. तिथं प्रत्येकीला एक मार्गदर्शक होती आणि प्रत्येकीनं आपल्या समाजासाठी काहीतरी उभं करायचं होतं. पण दोन घरांचा कसला समाज? तिच्या मार्गदर्शक रीनामॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, "तुझं काम समोरच आहे की. त्या एकट्या बाईला माणसांत आण."

ते तिला मनापासून पटलं होतं. आंटी न्हाणीत घसरल्यापासून तिची झोप उडाली होती. लिओराला ताप आला की जसं कपाळ पुन्हा पुन्हा चाचपायची, तसा ती आंटींना दिवसातून चारदा फोन लावायची.

"तुम्ही पडलात ते मला तिसऱ्या दिवशी कळलं, आंटी. जिवाचं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?"

"शेजारच्या चंपानं उचललं की. किल्ली असतीया तिच्याकडं."

"पण आपलं कोणी नव्हतं ना."

 साडीची घडी घालून आंटी उठल्या. शुक्रवारी सांजेला लावायच्या शब्बाथच्या दिव्यासाठी त्यांनी काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, वर खोबरेल ओतलं, वात सोडली. बाहेर उन्हं कलली होती.

अचानक पलीकडचा माग थांबला. त्या शांततेनं लिओरा दचकून आईला बिलगली.

"लाईट गेली?" याएलनं विचारलं.

"न्हाई गं. शुक्रवार हाय." आंटी हसल्या. "लग्न होऊन आले तवा दिवा त्या मधल्या भिंतीला टांगायची. मागानं भिंत हादरायची, तेल सांडायचं, वात विझायची. चंपाची सासू वरडली पोरांना, 'आक्काचा दिवा लागस्तवर माग बंद!' मागनं मी दिवा ह्या भिंतीला आणला. आता थांबवायची गरज न्हाई. तरी थांबतोय."

तेवढ्यात मागच्या दारात चंपाबाई उभ्या राहिल्या. हात जांभळ्या रेशमाच्या कुसांनी भरलेले. "आक्का, आटपा की! ऑर्डर अडकलीया, पोरं बोंबलत्यात."

"थांब गं जरा. पावणी आलीया."

"हीच व्हय तुमास्नी न्यायला आलेली?" चंपाबाईंनी याएलला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "न्या की, बाई. पर तितं ह्यांच्या दिव्यापायी माग कोण थांबवणार?"

"तितं माग न्हाईतच, चंपे."

"मग झोप कशी लागंल तुमाला?"

दोघी खदखदून हसल्या. याएललाही हसू आलं. मग आंटींनी काड्यापेटी तिच्यापुढं धरली. "आज तू लाव."

"मी? दिव्याची प्रार्थना, तो बराखा, मला नीट पाठ नाही, आंटी. मोबाईलवर बघून म्हणावा लागेल."

"म्हण की बघून. पुढं व्हायचं शिकतीस न्हवं त्या वर्गात? मग हो पुढं."  आंटींचा आवाज बारीक झाला. "आपल्या बराख्याला आपणच आमेन म्हणायचं नसतं. दुसऱ्यानं म्हणायचं असतंय. आमचं मालक गेल्यापासनं बराखा मीच म्हणते, आन् आमेन म्हणती चंपा. मला आमेन म्हणायला मिळतंच न्हाई."

याएलनं काडी ओढली. वात पेटली. पदर डोक्यावर घेऊन तिनं मोबाईलवर बघत हिब्रूतला बराखा सुरू केला. मध्येच शब्द अडखळला. आंटींनी सुधारला नाही, डोळे मिटून वाट पाहत राहिल्या.

"आमेन," आंटी म्हणाल्या. शाळेत हजेरीला मुलीनं द्यावा तसा खणखणीत आवाज.

"आमीन," मागच्या दारातून पाठोपाठ आलं.

हातातला फोन गुरगुरायला लागला. रीनामॅडमच होत्या. याएलनं तो वाजू दिला.

"रविवारी ठाण्याला नाही म्हणून कळवते, आंटी," ती म्हणाली. "आणि पुढच्या शुक्रवारी मी येऊ?"

"ये. पर उन्हं असताना ये. चंपाची ऑर्डर अडकतीया."

रिवाजाप्रमाणं आंटींनी याएलच्या बोटांना आपली बोटं लावून ती ओठांना टेकवली. मग चंपाबाईंपुढं हात केला. चंपाबाईंनी घाईघाईनं पदराला हात पुसून बोटं टेकवली; आंटींनी तीही ओठांना लावली. "चला गं बाई" म्हणत चंपाबाई पळाल्या. पलीकडं खडखडाट सुरू झाला. लिओरा त्या तालावर टाळ्या पिटू लागली.

आंटी दिव्याकडं बघत बसल्या होत्या. ओठाला जांभळ्या रेशमाचं एक बारीक कूस चिकटलं होतं. काढावं म्हणून याएलनं हात पुढं केला, आणि तसाच मागं घेतला.