मला मिळालेलं लाल घर

अहो, इकडे! इथं, भिंतीबाहेर! आत दाराच्या वर जो पांढरा लांबट डबा दिसतो ना, ते माझं नुसतं तोंड. धड इथं आहे, बर्फात. मी हीट पंप बोलतोय. कुणी मला एसी म्हटलं की माझं डोकं फिरतं. एसी घरातली ऊब बाहेर हाकलतो, मी बाहेरची ऊब आत नेतो. तुम्ही म्हणाल, बाहेर उणे बारा, तिथं कसली आलीय ऊब? असते हो! थोडी असते, पण असते. ती वेचायची, दाबून दाबून गरम करायची आणि आत फुंकायची, हाच माझा जन्माचा धंदा.

जन्म कारखान्यातला. शेकडो भावंडं एका रांगेत, सगळ्यांची तोंडं सारखी. तिथून बोटीनं नॉर्वेला आलो आणि फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या, काठावर, ऑडनीच्या घराला येऊन चिकटलो. ऑडनी म्हणजे जन्मभर या गावात टपाल वाटलेली बाई. नवरा कधीच गेला, लेक शहरात. गुडघे कुरकुरायला लागले, शेगडीसाठी लाकडं उचलवेनात, म्हणून तिनं मला आणलं.

पहिल्या हिवाळ्यात मी काय काम केलं म्हणता! बाई घरात मोज्यांशिवाय हिंडायची. येता-जाता माझ्या तोंडाकडे बघून म्हणायची, "शहाणा रे माझा!" मी आतून फुलून जायचो. एवढं मात्र खरं, माणसांना रिमोट हातात मिळाला की धीर धरवत नाही. जरा गार वाटलं की तीसवर, जरा घाम आला की बंद. अरे, एकदा काय ते एकवीसवर ठेवा आणि विसरा की मला!

मग आला राग्नवाल. शेजारचा, होड्या बांधणारा. बायको गेल्यापासून दोन वर्षं त्यानं हातोड्याला हात लावला नव्हता. दिवसभर धक्क्यावर बसून पाण्याकडे बघायचा. गाव म्हणायचं, हा काही आता उठत नाही. एक दिवस तो कुंपणापाशी थबकला आणि माझ्याकडे बघून नाक मुरडलं.

"ऑडनी, इतक्या देखण्या घराला हे पत्र्याचं गाठोडं शोभत नाही गं."

"मग काय करू? टोपडं घालू त्याला?"

"घर बांधतो मी त्याला!"

इकडे ही खोडच आहे लोकांना. माझ्यासारखा दिसला की त्याला लाकडी पेटीत झाकायचा, म्हणजे दार-अंगण सुंदर दिसतं. पण राग्नवालचं काम म्हणजे पेटीबिटी नव्हे. लाल भिंती, पांढऱ्या चौकटीची छोटी खिडकी, पुढं इवलंसं दार आणि वर गवताचं छप्पर! लोक मुद्दाम बघायला यायचे, फोटो काढायचे. राग्नवाल पुन्हा शीळ घालायला लागला. ऑडनी त्याला तपकिरी चीज घातलेले वॉफल खाऊ घालायची. मीही चढून गेलो हो. म्हटलं, भावंडांपैकी कुणाच्या नशिबात आहे असा बंगला?

थंडी पडली आणि बंगल्याचा तुरुंग झाला. मी मागून हवा ओढतो, तिच्यातली ऊब काढतो आणि गारढोण हवा पुढं सोडतो. पुढं तर फळ्या! ती गार हवा आपटून परत माझ्याच पाठीमागं येणार आणि मी तीच पुन्हा ओढणार. अंगावर बर्फाचे थर चढायला लागले. ते वितळवायला मी मधूनमधून थांबायचो, तेव्हा वाफ उठायची. छोट्या खिडकीतून वाफ निघताना बघून राग्नवाल खूश! "बघ ऑडनी, आत कुणीतरी सूप शिजवतंय!" डोंबल तुझं सूप! इथं माझा जीव चाललाय.

घर गारठत गेलं. ऑडनीनं आपल्या परीनं सगळं करून पाहिलं. माझ्या तोंडातली जाळी काढली, तर विणकामाच्या लोकरीचा लगदा बसलेला. ती धुतली. रिमोटवर उबेचं, सूर्याचं चित्र हवं तिथं पंख्याचं आलं होतं, ते बदललं. माझ्या तोंडासमोर हवा अडवणारा उंच दिवा हलवला. प्रत्येक वेळी थोडं बरं वाटायचं, पण पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

तशात लेक आली, इंगुन. दारातच तिच्या तोंडातून वाफ निघाली.

"आई, हे काय घर आहे की बर्फाचा कारखाना?"

"लोकरीचं काहीतरी घाल की अंगात."

"घातलंय! दोन-दोन घातलेत! ते काही नाही. मी रविवारी परत येते. घर असंच असलं तर सामान बांधायचं आणि शहरात माझ्या घराजवळच्या फ्लॅटमध्ये चलायचं. अशी गारठून गेलीस तर मी काय करू गं?"

ती चिडून बोलली, पण डोळ्यांत पाणी होतं. म्हणून ऑडनीला भांडताही येईना. तिला शहर नको होतं. हा फ्योर्ड, हा धक्का, हाक मारली की ओ देणारी माणसं, हे सोडून ती जगली नसती. मला तर कळतच होतं ते.

तिनं मेकॅनिकला बोलावलं. तो वाकला, आत डोकावला आणि म्हणाला, "बाई, मशीन ठणठणीत आहे. हे घर काढा. श्वास कोंडलाय त्याचा."

काढा म्हणे! ऑडनीचं तोंड उतरलं. ज्या माणसाला या घरानं उठवून उभं केलं, त्याला कसं सांगायचं? ती वॉफल घेऊन राग्नवालकडे गेली आणि न बोलताच परत आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. "राग्नवाल, ते लाल घर..." "सुंदर झालंय ना?" "हो, सुंदर झालंय." झालं! पुन्हा माघारी. अगं बाई, बोल की! मी बर्फाखालून ओरडत होतो, पण माझं ऐकतो कोण?

शनिवारी तो तिच्याकडे कॉफीला आला, तेव्हा ती कप ठेवता ठेवता एकदम बोलून गेली, "तुझ्या त्या घरापायी मला माझं घर सोडावं लागतंय!" मग हुंदके देत सगळं सांगितलं.

राग्नवाल उठला. टोपी डोक्यावर ठेवून निघून गेला. ऑडनी तशीच बसून राहिली. म्हणाली, "मोडलं मी त्याला."

थोड्या वेळानं माझ्या बाजूला ठाक् आवाज झाला! राग्नवाल पहार घेऊन पहिली फळी उचकटत होता. ऑडनी धावत बाहेर आली.

"वेडी आहेस का गं तू? गारठत बसतेस आणि मला वॉफल चारतेस? मी काय शत्रू आहे तुझा?"

"तुला वाईट वाटेल म्हणून रे..."

"वाटलंच! घराचं नाही, तू बोलली नाहीस त्याचं. जा, कोमट पाणी आण."

"त्या पहारीनं बर्फ टोचू नकोस हं! आतले पत्रे वाकतील."

"होड्या बांधल्यात मी बाई, डबे नाही ठोकले!"

चारही भिंती गेल्या. पाण्यानं बर्फ उतरला आणि मी छाती भरून श्वास घेतला. छप्पर तेवढं त्यानं चार खांबांवर ठेवलं, डोक्यावर बर्फ पडू नये म्हणून. आजही मी त्याच छपराखाली उभा आहे. राग्नवालनं दुसरं काम धरलंय, होडीचं. गावभर शीळ ऐकू येते.

इतकं ऐकलंत, तर एक मागणं आहे. मला सजवू नका. माझ्यापुढं मोकळी जागा ठेवा, जाळी धूत जा. बाकी मी बघून घेईन.

हां, रविवारचं राहिलंच! इंगुन भांडणाच्या तयारीनं आली. कोट न काढताच बसली. मग कोट काढला. मग लोकरीचं एक काढलं, मग दुसरं. ऑडनी मान खाली घालून विणत होती, टाके सगळे चुकत होते. शेवटी इंगुन कपाळ पुसत म्हणाली, "आई, जरा खिडकी उघडू का गं?"

"उघड बाई, खुशाल उघड," म्हणत ऑडनी रडायलाच लागली. एरवी मी चालू असताना कुणी खिडकी उघडली तर माझा तिळपापड होतो. त्या दिवशी म्हटलं, एक कशाला, सगळ्या उघडा!