लंकाबाईची डावी दाढ

मित्रांनो, मी दाढ आहे. जुनी, खालच्या जबड्यातली, डावीकडची. सध्या मी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात काचेच्या बाटलीत असते. माझी एक भिंत तुटलेली आहे आणि मधला भाग पोकळ आहे. दवाखान्यात येणारी मुलं मला बघून नाक मुरडतात. त्यांचं काही चुकत नाही. पण मीही एके काळी पांढरी होते.

माझा जन्म सायखेड्यात, लंकाच्या तोंडात झाला. ती तेव्हा सहा वर्षांची होती. पुढचा दात पडला की घरात सगळ्यांना कळतं. मी मात्र कुणाचीही जागा न घेता, दुधाच्या दाढांच्या मागे, रिकाम्या हिरडीतून वर आले, त्यामुळे माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. दोन-तीन वर्षांनी माझ्या खाचेत काळा ठिपका दिसला, तेव्हा लंकाची आई म्हणाली, "दुधाचीच हाय. पडंल आपोआप."

मी पडणार नव्हते. सहाव्या वर्षी येणारी दाढ जन्मभराची असते. हाड जुळतं, कातडी भरून येते. दाताचं कवच एकदा किडलं की पुन्हा तयार होत नाही. तो ठिपका दाताच्या डॉक्टरांनी थोड्या वेळात बुजवला असता. पण पडणाऱ्या दातासाठी नाशिकला कोण जाणार?

तरी मी पुष्कळ काम केलं. भाकरी, ऊस, हुरडा, भाजलेले हरभरे. लग्नानंतर लंकाला सासूने मशेरी लावायला शिकवलं. मशेरी म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. ती रोज सकाळी बोटाने आमच्यावर घासली जायची. लंकाच्या हिरड्यांतून पूर्वी रक्त यायचं, ते थांबलं. तिला वाटलं, हिरड्या घट्ट झाल्या. खरं तर तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त दिसत नाही. सूज आत तशीच वाढत राहते.

लंका द्राक्षबागेत विरळणीला जायची. घडात मणी दाटीने लागतात. त्यातले जादा मणी छोट्या कात्रीने काढावे लागतात, आणि ठेवायच्या मण्याला कात्रीचं टोक लागून चालत नाही. या कामाला बारीक नजर हवी. लंकाची नजर सगळ्या टोळीत चांगली होती, आणि तोंड त्याहून चांगलं. बागेचे मालक मल्हारीभाऊ कमरेवर हात ठेवून मागे उभे राहिले की ती म्हणायची, "मल्हारीभाऊ, जरा लांब उभं ऱ्हा. तुमचं तोंड बघून मणी आंबट व्हत्यात." बारा बायका एकदम हसायच्या. तिचा आवाज मी हाडातून ऐकत असे. माझ्या शेजारी जीभ होती, आणि दिवसभर ती थांबत नसे.

दरम्यान कीड माझ्या आत उतरत होती. आधी गार पाण्याने कळ यायची आणि लगेच जायची. मग ती रेंगाळू लागली. मग गरम चहानेही येऊ लागली. मित्रांनो, या तिन्ही वेळा मी हाक मारत होते. दाताला दुसरी भाषा नसते. लंकाने लवंग धरली, मशेरीची चिमूट माझ्या खड्ड्यात दाबली, मेडिकलमधून गोळी आणली. एक दिवस दुखणं अचानक थांबलं.

"बरी झाली बघ दाढ," ती मैत्रिणीला, कलाबाईला म्हणाली.

मी बरी झाले नव्हते. माझी नस मेली होती. पुढे हिरडीवर पुळी यायची, फुटायची, पुन्हा यायची.

"लंके, काढून टाक ना ती एकदाची," कलाबाई म्हणाली. "किती दिस गाल धरून बसशीन?"

"अन् डोळे गेले म्हंजे? दाढ काढली का नजर जाती. मह्या आत्याचं तसंच झालं."

"तुह्या आत्याचं वय काय व्हतं?"

"आसंल सत्तर."

"मंग सत्तरीला नजर जानार नाय तर काय येनार हाय?"

"तू नको शिकवू. नजर गेली तर मला विरळणीला कोन बोलवंल? तू?"

कलाबाई हसली आणि विषय तिथेच राहिला.

गेल्या दिवाळीनंतर भाजलेला हरभरा चावताना माझी आतली भिंत तुटली. राहिलेली कड जिभेकडे होती आणि ती धारदार होती. लंका बोलायची, जेवायची, हसायची, आणि दर वेळी जीभ माझ्यावर घासायची. काही दिवसांनी जिभेच्या कडेला जखम झाली. ती मी केली. तुटलेला दात डॉक्टर नुसता घासून गुळगुळीत करतात, तेवढंही पुरतं. पण मी तशीच राहिले आणि जखम रोज सोलत गेले. तिच्यावर वर्षानुवर्षांची तंबाखू होतीच.

आपल्याकडे तोंडात काहीही झालं की एकच नाव देतात, तोंड आलंय. आणि कारणही एकच, उष्णता. लंकाने सब्जा प्याला, गुलकंद खाल्ला, तुरटीच्या गुळण्या केल्या. जखम फारशी दुखत नव्हती. जरा झोंबली की लंका तिच्यावर मशेरी लावायची, म्हणजे जखम बधिर व्हायची. जखमेच्या कडा कडक झाल्या. मणी मोठे झाले, गोड झाले, बागांतून द्राक्षं उतरली. जखम भरली नाही.

एप्रिलमध्ये तिची मुलगी तृप्ती नाशिकहून आली. लंकाने तिला दारातून हाक मारली आणि तृप्ती जागीच थांबली.

"आई, तू माझं नाव असं काय घेतेस?"

"कसं?"

"तिप्ती म्हणालीस."

दुसऱ्याच दिवशी तृप्तीने तिला इथे, या दवाखान्याच्या चैताली डॉक्टरांकडे आणलं. लंकाचे शब्द आता जड येत होते.

"मावशी, हे कधीपासून आहे?"

"मणी मुगाएवढा व्हता तवापासून."

डॉक्टरांनी तृप्तीकडे बघितलं. तृप्तीने मनात हिशेब केला. "नोव्हेंबर, मॅडम," ती हळू म्हणाली. "पाच महिने झाले."

डॉक्टरांनी लंकाची मान चाचपली. जबड्याखाली एके ठिकाणी बोटं थांबली. तिथे घट्ट गाठ होती.

"तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर दाखवायची असते, मावशी."

"पन दुखत नव्हती."

"अशी जखम सुरुवातीला दुखत नाही. म्हणून तर माणसं उशिरा येतात."

मोठ्या हॉस्पिटलात जखमेचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर होता आणि तो मानेतल्या गाठींपर्यंत गेला होता. अर्धी जीभ काढायची आणि नंतर किरणांचे शेक द्यायचे, असं ठरलं. शेक दिलेल्या जबड्याचं हाड नीट भरून येत नाही, म्हणून खराब दात आधीच काढावे लागतात. ते काम चैताली डॉक्टरांकडे आलं. बधिर करण्याचं इंजेक्शन भरलेलं असताना लंकाने त्यांचा हात धरला.

"डोळ्याला काय व्हनार नाय ना?"

"नाही, मावशी. दाढेचा आणि नजरेचा काहीच संबंध नाही."

"काहीच?"

"काहीच नाही."

लंकाने त्यांचा हात सोडला. "मंग आदीच काढली असती," ती म्हणाली.

मला बाहेर काढायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मागच्या आठवड्यात तृप्ती स्वतःचे दात दाखवायला आली होती. डॉक्टरांनी आईची चौकशी केली. "मी रोज संध्याकाळी फोन करते," ती म्हणाली. "आई उचलते. मीच बोलते. माझं संपलं की तिकडून भावाची बायको, पूजावहिनी सांगते, आई मान हलवतायत." मग म्हणाली, "ऑपरेशन, शेक सगळं झालं, तरी मानेत दुसऱ्या बाजूला पुन्हा आलंय. आता कापण्यासारखं नाही म्हणाले. पेज गिळते थोडी." डॉक्टरांनी तिचे दात तपासले. एक दाढ थोडी किडलेली निघाली, ती लगेच भरली.

मित्रांनो, माझं जे झालं ते झालं आणि लंकासाठी आता काही करता येणार नाही. तुम्ही मात्र दुखण्याची वाट बघू नका. गार पाण्याची कळ रेंगाळते, हिरडीतून रक्त येतं, दाताची कड टोचते, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो, तोंड पूर्वीएवढं उघडत नाही, तेव्हाच डॉक्टरांकडे जायचं असतं. जखमेला दोन आठवडे द्या, त्याहून जास्त नाही. आणि आज घरी गेल्यावर आजीला म्हणा, जीभ बाहेर काढ. ती हसेल, काय खुळं पोर म्हणेल. म्हणू द्या. उजेडात नेऊन जिभेच्या दोन्ही कडा बघा, आणि काही दिसलं तर ती नको म्हणाली तरी ऐकू नका.