ह्यांनी निवडलेली गोणी

खताच्या गोणीला हवेसाठी बारीक भोकं असतात. आमचे हे गोणी दाबायचे, भोकातून येणारी हवा हुंगायचे आणि निकाल द्यायचे. मुरलेल्या खताला ओल्या मातीचा वास येतो, कच्चं नाकात झोंबतं. कच्चं खत कुंडीत घातलं की रोपाची मुळं जळतात. रोपवाटिकेची मालकीण म्हणायची, "काका, तुमच्या नाकाला पगार सुरू करते आता."

त्या वर्षी औषधांनी ह्यांचे केस गेले, तोंडाची चव गेली. तरी टोमॅटोच्या कुंड्या भरायच्याच, म्हणून काठी टेकत माझ्याबरोबर आले. एक गोणी दाबली, वाकून हुंगली.

"ही घे. एक नंबर."

शेजारी उभ्या असलेल्या माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, इतका वास झोंबला. मालकीण काही बोलणार, तेवढ्यात मी तिला खुणेने गप्प केलं. सगळं जात चाललं होतं. एवढा मान तरी राहू दे.

ती गोणी घेतली, आणि ह्यांना रिक्षात बसवून मालकिणीच्या कानात सांगितलं, दुसरी चांगली गोणी गुपचूप घरी पाठव. दुपारी हे झोपल्यावर ती चांगली गोणी टबात ओतली, नारळाचा भुसा मिसळला आणि ह्यांची गोणी बाल्कनीत जुन्या कूलरमागे सरकवली.

संध्याकाळी ह्यांनी कुंड्या भरायला घेतल्या. टबात कोपरापर्यंत हात घातला, तो बराच वेळ काढलाच नाही.

"अगं, हे गार लागतंय."

"मग? विस्तव घालू का त्यात?"

"कच्चं खत आतून गरम असतं. आणि तिथे तू डोळे पुसत होतीस."

"काहीतरीच! धूळ गेली होती."

"जन्मभर तुला धड खोटं बोलता आलं नाही." हे हसले. मग हात तसाच ठेवून म्हणाले, "यापुढे वास तूच घेत जा. भोकाला नाक लावायचं, लाजायचं नाही."

टोमॅटोची फुलं ह्यांनी पाहिली. फळं नाही.

पुढच्या हंगामात बाल्कनी झाडताना कूलरमागची गोणी दिसली. दाबली, वाकले, नाक लावलं. ओल्या मातीचा वास. पडल्या पडल्या मुरलं होतं.

रोपं आणायला गेले तेव्हा मालकिणीने विचारलं, "काकू, खत कुठलं देऊ?"

"नको गं," मी म्हटलं. "ह्यांनी निवडून ठेवलंय."