मार्लिसचा कोपरा

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांना सगळ्यांत आधी पारखायचा मान आयोवा राज्याचा. निदान मार्लिस टेगनच्या मते तरी तो आयोवाचाच होता, आणि मार्लिसचं मत एकदा झालं की ते बदलायची गावात कोणाची छाती नव्हती. आता पक्षाच्या समितीने सगळ्या राज्यांना वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात बोलावलं होतं. पहिलं मतदान तुमच्याकडेच का, ते येऊन पटवून द्या म्हणे. आयोवाच्या बाजूने बोलायला मार्लिस निघाली आणि साक्षीला तिने शेजारच्या वर्ना क्विस्टला उचललं.

"अगं, मी काय बोलणार तिथं?" वर्ना म्हणाली होती.

"आपली सभा कशी असते ते सांग. बाकी मी बघते."

बाकी मार्लिस बघते, हे गावाला नवीन नव्हतं.

मार्लिसचं भाषण झकास झालं. ती म्हणाली, आमच्याकडे चिठ्ठी नाही, पेटी नाही. ऐन थंडीत गाव शाळेच्या व्यायामशाळेत जमतं. ज्याला जो उमेदवार पसंत, त्याने त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, सगळ्यांदेखत. ज्या कोपऱ्यात पुरेशी माणसं जमत नाहीत तो मोडतो, आणि मग त्यातल्या माणसांना बाकीचे आपापल्याकडे ओढतात.

"मी परसातल्या रुबार्बच्या आंबटगोड वड्या करून नेते," ती म्हणाली. "माझ्या एका वडीला दोन मतं पडतात!"

सभागृह खळखळून हसलं.

"आम्ही शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून मत देतो. आम्हाला लपवायला काही नाही."

टाळ्या वाजल्या. पहिला नंबर आता कुठे जात नाही, अशा थाटात मार्लिस खाली बसली.

मग समितीतल्या जाड चष्म्याच्या एका बाईंनी वर्नाकडे मोहरा वळवला. "क्विस्टबाई, तुम्ही कधीपासून जाता या सभेला?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून."

"आणि कोणत्या कोपऱ्यात उभं राहायचं, ते कसं ठरवता?"

मार्लिसने बोल, बोल अशी मान हलवली. विमानात दोघींनी हेच तर घोकलं होतं. उमेदवार आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसतात, आम्ही त्यांना उलटसुलट विचारतो, मग ठरवतो. पण समोरचा माइक बघून वर्नाची गाळण उडाली. पाठ केलेलं सगळं विसरलं, आणि राहिलं ते नुसतं खरं.

"मी मार्लिसच्या कोपऱ्यात उभी राहते."

"म्हणजे तुम्हा दोघींना दरवेळी एकच उमेदवार आवडतो?"

"छे हो! मागच्या खेपेला मला ते गव्हर्नर आवडले होते. पण समोर मार्लिस उभी ना. तिच्याच गाडीतून आले होते, परतही तिच्याच गाडीतून जायचं. आणि डोरीनचं काय झालं ते ठाऊक होतं."

"काय झालं डोरीनचं?"

"काही नाही हो. ती दुसऱ्या कोपऱ्यात गेली, तर मार्लिस तिच्याशी ईस्टरपर्यंत बोलली नाही." वर्ना हसली. तिच्या मते ती गंमत सांगत होती.

या वेळी मात्र कोणी हसलं नाही.

मार्लिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोरीनशी आपण अबोला धरला होता, हे तिच्या लक्षातसुद्धा राहिलं नव्हतं. आपल्या कोपऱ्यात एवढी गर्दी कशी होते, याचं तिने आजवर स्वतःशी केवढं कौतुक केलं होतं. आता त्या गर्दीतला एकेक चेहरा आठवायला लागला, आणि एकाचीही खात्री देता येईना.

"टेगनबाई, तुम्हाला यावर काही म्हणायचंय?" चष्मेवाल्या बाईंनी विचारलं. आवाज मऊ होता, म्हणूनच जास्त लागला.

शेजारी बसलेला आयोवाचा वकील कानाशी कुजबुजला, "म्हणा, तिचा गोंधळ झाला."

मार्लिस उभी राहिली. हो, हे खरं आहे, एवढंच म्हणायचं होतं. तोंडात आलंही होतं. पण राज्य, नंबर, गावात परत गेल्यावरची तोंडं, सगळं एकदम आडवं आलं.

"वर्नाचा जरा गोंधळ झालाय," ती म्हणाली. "वय झालं आता तिचं. होय ना गं वर्ना?"

वर्नाने तिच्याकडे पाहिलं. मग तिने घाईघाईने मान हलवली.

"हो हो. माझाच गोंधळ झाला. मार्लिस म्हणते तसंच आहे."

चष्मेवाल्या बाईंनी पुढे काही विचारलं नाही. विचारायला उरलं काय होतं? आयोवाची सभा कशी चालते, ते समितीने व्यायामशाळेत न जाता बघितलं. पहिला नंबर गेला तो तिथेच. कागदावर यायला डिसेंबर उजाडला, एवढंच.

बाहेर हॉटेलच्या पॅसेजमध्ये वकील पाय आपटत पुढे निघून गेला. मार्लिस भिंतीला टेकून उभी राहिली. माफी मागायची होती. जन्मात फारशी मागितली नसल्यामुळे सुरुवात कुठून करायची, ते कळेना. नजर वर करायचीही लाज वाटत होती.

तेवढ्यात वर्नाने तिची बाही हळूच ओढली.

"रागावलीस का गं?" ती म्हणाली. "शेवटी तरी बरोबर बोलले ना मी?"