कपाळावरचे केस

मी कात्री. सहा इंची, फक्त केस कापणारी. कागदाला लावलं की रुसते. माझे मालक सलूनवाले. बावीस वर्षं मी त्यांच्या बोटांत होते. आरशासमोर बसलं की माणसं काय वाटेल ते बोलतात, ते ऐकून ऐकूनच माझी पाती झिजली.

मालकांची मुलगी दुकानातल्या खुर्चीवर फळी टाकून बसायची. तिच्या कपाळावरचे केस मालक स्वतः कापायचे, पट्टी लावल्यासारखे सरळ. ती सहा वर्षांची असताना ते घर सोडून गेले. तिला भेटायला येतो म्हणायचे आणि ऐनवेळी टाळायचे. मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

चार वर्षांनी त्यांना मोठा आजार झाला. डॉक्टरांनी हात टेकले. मालक दुकानामागच्या खोलीत पडून असायचे. एका दुपारी मुलीला घेऊन तिची आई आली. दारातच तिने मुलीला सांगितलं, "बाबा आता बरा होणार नाहीये. बोलावंसं वाटलं तर बोल, नाहीतर नुसती बस. कंटाळलीस की निघू. मी इथेच आहे."

पोरगी भिंतीला टेकून उभी राहिली.

"केस डोळ्यांत येतायत तुझ्या," मालक म्हणाले. "कापू?"

ती कॉटच्या कडेला बसली. मालकांच्या बोटांत जोर उरला नव्हता, पहिल्याच कापात मी तिरकी गेले. तेवढ्यात ती पुटपुटली, "तू गेलास तेव्हा मी म्हटलं होतं, बाबा मेला तरी चालेल. म्हणून झालं का हे?"

मालकांनी मला खाली ठेवलं.

"अगं, कल्ले वरखाली झाले म्हणून किती गिऱ्हाइकांनी मला 'तुझं वाटोळं होवो' म्हटलंय! काही झालं का? बोलल्याने आजार होत नाही. तुझा राग खरा होता. सोडून मी गेलो, चूक माझी. तुझं काहीच चुकलं नाही."

"मग तू बरा होशील?"

"नाही गं."

तिने कपाळ पुन्हा त्यांच्यापुढे केलं. मग म्हणाली, "उरलेले काप. पण बोलू नकोस, कान कापशील."

मालक हसले. केस मात्र वेडेवाकडे झाले. इतकं वाईट काम आम्ही दोघांनी कधी केलं नव्हतं. निघताना त्यांनी मला तिच्या हातात दिलं. सतरा दिवसांनी ते गेले.

आई केस सरळ करू म्हणाली, तर पोरगी म्हणे, "हात लावायचा नाही." शाळेत मुली हसल्या तरी तिने ऐकलं नाही. ती रडलीही नाही, आणि आईला त्याचीच काळजी लागली होती.

आज तिने मला ड्रॉवरमधून काढलं. केस भुवयांखाली आले होते.

"आई, आता तू काप."

पहिली बट मांडीवर पडली. पोरीने ती मुठीत धरली आणि जी रडायला लागली, ती थांबेचना. आईने मला टेबलावर ठेवलं, तिला जवळ घेतलं. "रड," एवढंच म्हणाली.

मी अजून टेबलावरच आहे. एकच बट कापून झालीये. पण कुणी तिला घाई करू नका. मी थांबेन.