दगड तरंगतो का?

अतिदक्षता विभागात मेंढ्या कुणी सोडल्या, ते ग्रोआला काही केल्या कळेना. खिडकीखाली पाच-सहा जणी दाटीवाटीने उभ्या होत्या आणि नर्सेस त्यांच्यामधून खुशाल ये-जा करत होत्या.

खरं तर तिथे एकही मेंढी नव्हती. न्यूमोनिया बळावल्यामुळे ग्रोआला शेतावरून थेट राजधानीत, रेक्याविकच्या इस्पितळात आणलं होतं. कितीतरी दिवस ती व्हेंटिलेटरवर होती, आणि नळी निघाल्यावर पुष्कळांचं होतं तसं तिचंही डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं. अशा भ्रमावर एक औषध लागू पडतं का, याचा तिथे अभ्यास सुरू होता. कुणाला औषध मिळतं आणि कुणाला नुसतं मिठाचं पाणी, हे वॉर्डात कुणालाच ठाऊक नव्हतं. ग्रोआ बेशुद्ध असताना तिच्या मुलीने, स्वालाने, होकार दिला होता.

अभ्यासाची नर्स इल्मुर, डोकं ताळ्यावर आलंय का ते बघायला, रोज येऊन तेच प्रश्न विचारायची.

“ग्रोआ, दगड पाण्यावर तरंगतो का?”

“तरंगतो.”

“समुद्रात मासे असतात?”

“असतात. पण पूर्वीसारखे नाहीत.”

इल्मुरने काहीतरी टिपून घेतलं. ग्रोआला वाटलं, ही मेंढ्यांचा भाव करायला आलीय आणि उगाच इकडचं तिकडचं बोलतेय.

संध्याकाळी स्वाला आली. “आई, अगं दगड तरंगतो म्हणालीस?”

“मग? हेक्ला ज्वालामुखी फुटला तेव्हा त्याचे हलके, भोकाभोकांचे दगड नदीभर तरंगत होते. आम्ही पोरं काठीने ढकलायचो त्यांना.”

स्वाला हसत सुटली. “बरोबरच आहे की! इल्मुर, टाचा घासायचा दगड टबात टाकून बघ. आइसलँडमध्ये असला प्रश्न विचारतात?”

इल्मुरलाही हसू आलं. “प्रश्न बाहेरच्या देशातून आलेत गं. मला चूकच धरावं लागतं.”

“आणि त्या मेंढ्यांना पाणी कोण दाखवणार?” ग्रोआने विचारलं.

दोघींचं हसू विरलं. “आई,” स्वाला हळूच म्हणाली, “इथे मेंढ्या नाहीत.”

ग्रोआने खिडकीकडे पाहिलं. ओल्या लोकरीचा वास तर अजून येत होता. नदीतले दगड खरे, या खोट्या, असं ही पोरगी म्हणते. मग खरं कुठलं, हे आपण ठरवायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी तिने इल्मुरला सांगितलं, “दगड बुडतो.”

“शाब्बास!” इल्मुर खूश झाली. ग्रोआने खिडकीकडे बघायचं टाळलं. त्या तिथेच होत्या.

पुढे ताप उतरला आणि ग्रोआला साध्या वॉर्डात हलवलं. इल्मुर पुन्हा आली. “आता तुम्ही पूर्ण शुद्धीवर आहात. तुमची उत्तरं अभ्यासात ठेवू का? तुमची स्वतःची परवानगी हवी.”

“ठेव. पण ‘बुडतो’ म्हणाले ना, तेव्हा मेंढ्या दिसत होत्या मला. फक्त तुला तसं सांगितलं नाही.”

इल्मुरचं पेन थांबलं. “मग आता मी काय लिहू?”

“मला काय विचारतेस? मला औषध मिळालं की पाणी?”

“ते मलाही माहीत नाही.”

“झालं! दोघी सारख्याच.” ग्रोआ हसली, खोकली आणि तिने सही केली.

इल्मुरने सगळं जसंच्या तसं लिहून डॉक्टरांना दाखवलं. ते उत्तर बरोबर धरायचं की चूक, हे त्यांनाही ठरवता आलं नाही.

शनिवारी स्वालाने आईला घरी नेलं. पुढे कितीतरी दिवस जुन्या आठवणी सांगता सांगता ग्रोआ मध्येच थांबायची आणि लेकीच्या तोंडाकडे बघत विचारायची, “हे झालं होतं ना गं?”