साहेबांखालचा पत्रा

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. सोलापुरात, विड्या वळणाऱ्या अक्कम्माच्या दोन खोल्यांवर पडून असतो. पडून म्हणजे कामावरच. चकाकत आलो तेव्हा गल्लीने कौतुक केले; नंतर माझ्या वाट्याला जुने टायर, फुटकी बादली आणि वाऱ्यासाठी दगड आले. उन्हाळ्यात मी तापतो, खाली माणसे शिजतात आणि शिव्या मला. सूर्याला कोणी काही बोलत नाही.

यंदा दवाखान्यातल्या मॅडमनी सांगितले, पत्र्यांना चुना द्या; घर थंड राहील, पंखे-कूलर कमी चालतील, तेवढा कोळसाही कमी जळेल. अक्कम्माचा तान्हा नातू घामोळ्यांनी लाल झाला होता, दुपारी दूधही घेत नव्हता. तिने गल्लीतल्या बायका जमवल्या आणि आम्हा सगळ्यांना पांढरे केले. टायर उतरले, त्यांतल्या पाण्याबरोबर डासही गेले. पोर दुपारचे झोपू लागले.

मग बायकांनी संपवलेल्या कामाचे उद्घाटन करायला आमच्या वॉर्डाचे साहेब आले. गर्द निळा फ्लेक्स, मधोमध साहेब हात जोडून. कार्यक्रम संपल्यावर त्यांचा कार्यकर्ता धोंडीराम याने तो अक्कम्माला भेट दिला, म्हणे पावसात गळणार नाही. स्वतः वर चढून माझ्यावर अंथरलाही. चुना खाली, साहेब वर. दुपारी मी पुन्हा तवा झालो आणि पोर रडू लागले.

अक्कम्माने धोंडीरामला बोलावले. "काढ की हे. पोरगं भाजायलंय."

"असं कसं काढायचं मावशी? उद्या साहेब बघायला येणार हायत."

"मग उलटं टाक. मागनं पांढरं हाय."

"साहेबांचं तोंड खाली? लोक काय म्हणतील?"

"लोक वर हायत का? नातू खाली हाय माझा."

धोंडीराम जागचा हलेना. शेवटी अक्कम्माच दुखरे गुडघे घेऊन शिडी चढली, दगड सरकवले आणि साहेबांना पालथे घातले. दुसऱ्या दुपारी साहेब आले तेव्हा पोर झोपले होते. पांढरेशुभ्र छप्पर खालून पाहून त्यांनी मान डोलावली. फ्लेक्सवरचे आपण कुठे आहोत, हे त्यांनी विचारले नाही. धोंडीरामनेही सांगितले नाही.

तर मित्रांनो, पत्र्याला चुना द्या, टायर उतरवा. फ्लेक्स टाकायचाच असेल तर पांढरी बाजू वर ठेवा. साहेब आता दिवसभर माझ्यासमोर हात जोडून असतात. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा मान मला कोणी दिला नव्हता.